बुधवारचा तंबू

आमच्या सासूबाईंनी आयुष्यात फार थोड्या माणसांना प्रमाणपत्र दिलं. त्यांच्या मुलाला ते अजून मिळालेलं नाही, त्यामुळे माझा प्रश्नच येत नाही. पण दुबईच्या पहिल्याच मुक्कामात त्यांनी अब्बास खलफे नावाच्या आमच्या शेजाऱ्याला एक देऊन टाकलं होतं. "माणूस सोन्यासारखा आहे गं," त्या म्हणाल्या, "पण विचारत नाही."

त्याचं झालं असं. अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट पाहुण्यांचा मुहूर्त बघूनच बंद पडायची. सासूबाई एअरपोर्टवरून आल्या तेव्हा लिफ्टच्या दारावर नेहमीचा कागद चिकटवलेला होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यांचे गुडघे तर सांगलीतच संपलेले. काय करावं याची मी आणि हे चर्चा करत होतो, तोच मागून "बाजूला व्हा वैनी" असं ऐकू आलं. पुढच्याच क्षणी वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत सासूबाई, आणि ती खुर्ची छातीशी कवटाळलेले खलफेभाई अशी मिरवणूक जिना चढायला लागली. सासूबाईंनी डोळे गच्च मिटून रामरक्षा सुरू केली. ती संपायच्या आत त्या आमच्या सोफ्यापुढे पोचल्या होत्या. खलफेभाईंनी खुर्ची अलगद खाली ठेवली, घाम पुसला आणि म्हणाले, "म्हातारीपेक्षा बॅगा जड हायत. काय आणलाव, जातं?"

जातं नव्हतं, पण पाटा होता.

खलफेभाई रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले. ऐन तरुणपणी दुबईला आले ते तिथल्या खाडीत, क्रीकवर, गलबतं भरायला आणि उतरवायला. पुढे अल कूझमधल्या एका गोदामात सुपरवायझर झाले. सुपरवायझरने हात मागे घेऊन हुकूम सोडायचे असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलेलं पटलं नव्हतं. खांदे रुंद, मान जवळजवळ नाहीच, आणि हात असे की रिकामे असले की त्यांना करमायचं नाही. त्यांच्या पिकअपमध्ये कायम एक जाड दोर आणि एक जुनी गोधडी असायची. बिल्डिंगमधल्या प्रत्येक कुटुंबाला ते नावाऐवजी सामानावरून ओळखायचे. "तुमचा फ्रिज हलका, पण कपाट बेकार," हे आमचं वर्णन. दुसऱ्या मजल्यावरच्या केरळी कुटुंबाचं "सोफा गुणी" असं होतं.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी आमचा तो हलका फ्रिज त्यांनी पाठीवर घेतला होता, आणि तोही न विचारताच. मी टेम्पोवाल्याशी बोलत होते तोवर ते दिसेनासे झाले. आम्ही धावत वर गेलो तर घरात फ्रिज नाही. तो दुसऱ्या मजल्यावर, गुणी सोफ्यावाल्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या स्वतःच्या फ्रिजशेजारी उभा होता. ती केरळी बाई हातात वांगी घेऊन दोन्ही फ्रिजांकडे आळीपाळीने बघत होती. खलफेभाईंना चूक कळल्यावर लाज वगैरे काही वाटली नाही. "हो जायेगा, बाजूला व्हा," म्हणत त्यांनी फ्रिज पुन्हा पाठीवर घेतला. जगातली कुठलीही अडचण उचलून दुसरीकडे ठेवली की सुटते, अशी त्यांची श्रद्धा होती.

ही श्रद्धा आली होती सकीनापासून. सकीना त्यांची एकुलती एक मुलगी. जन्मापासूनच तिच्या पायांत ताकद नव्हती. आम्ही राहायला आलो तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. खलफेभाई तिला सकाळी पिकअपमध्ये उचलून ठेवायचे, पायांच्या व्यायामाच्या सेंटरच्या दारात उचलून चाकांच्या खुर्चीत ठेवायचे, दुकानाच्या पायऱ्या आल्या की खुर्चीसकट उचलायचे. त्यांची बायको मेहरूभाभी शांत बाई. दिवसातून मोजकंच बोलायची आणि बाकीचं भाकऱ्या थापताना थापांतून कळवायची. ती एकदा मला म्हणाली, "पोर चाकावर कमी आणि बापाच्या खांद्यावर जास्त फिरते. चाकं नवीच्या नवी हायत बघ."

पण पोरी मोठ्या होतात. सकीना तेरा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात गोष्टी बदलल्या.

दुबईत हिवाळा म्हणजे वाळवंट. तेव्हा सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटलं की गाड्यांवर तंबू, कोळसा आणि मसाला लावलेली कोंबडी बांधून कुटुंबंच्या कुटुंबं वाळूत मुक्कामाला जायची. शनिवारी शाळेत मुलं एकमेकांना तेच सांगायची. सकीनाने हट्ट धरला, की एक रात्र तंबूत झोपायचं. खलफेभाईंना असा हट्ट म्हणजे मेजवानी. आम्ही तीन कुटुंबं निघालो.

वाळूत दोन हात गेल्यावर खुर्चीची पुढची चाकं रुतली. मग खलफेभाई, हे, आणि शेजारच्या टेकडीवरून धावत आलेले दोन पठाण यांनी चारी बाजूंनी खुर्ची धरून "यल्ला, यल्ला" करत वर घेतली. पालखीच निघाली म्हणा ना. सकीनाची ओढणी एका पठाणाच्या मनगटाला अडकून ओढली गेली, आणि पलीकडच्या तंबूतली मुलं खेळ थांबवून बघायला लागली. त्या संध्याकाळी तिने कोंबडीला हात लावला नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही. का, ते मला आणि मेहरूभाभीला लगेच कळलं, कारण टेकडीमागे जायचं तर पुन्हा पालखी. तंबू न उघडताच आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी तिने बापाला समोर बसवून सांगितलं, "अब्बा, नो मोर लिफ्टिंग. मला तंबूत झोपायचंय, पण मी स्वतः जाणार. नोबडी लिफ्ट्स मी. नॉट इव्हन यू."

खलफेभाई त्या संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसले. समोरचा चहा निवून गेला. मग म्हणाले, "वैनी, मी मग करू काय?" प्रश्न अगदी खरा होता. सुताराची करवत काढून घ्यावी तसं झालं होतं त्यांचं.

पण माणूस बसून राहणारा नव्हता. आठवड्याभरात त्यांच्या डोक्यात कल्पना आली, आणि ती आजही मला शहाणपणाची वाटते. सकीना वाळवंटात जाऊ शकत नाही, तर मुक्काम शहरात का करू नये? घरापासून जवळ एक मोठी बाग होती. हिरवळ कापलेली, रस्ते फरशीचे, दिवे, नळ, आणि खुर्ची आत जाईल असा संडास. वाळूचा कण नाही. सकीनाच्या सेंटरमधल्या आणखी चार घरांची हीच अडचण होती. एका घरात आजीच खुर्चीत होती, आणि तिला नातवंडांपेक्षा जास्त हौस. एक रात्र बागेत तंबू मारू द्या, एवढंच मागायचं होतं.

मागण्याआधी त्यांनी चाचणी घेतली. शुक्रवारी भर गर्दीत खलफेभाई सकीनाच्या खुर्चीत बसून एकटे बागेत फिरले. त्या रुंद माणसाला त्या अरुंद खुर्चीत बघून सहलीला आलेली कुटुंबं हळहळत होती. कुणी संत्रं दिलं, कुणी दुआ दिली. संडासाच्या दारापाशी बोटभर उंचवटा होता, तिथे खुर्ची अडली. खलफेभाई जोर लावत होते, एवढ्यात मागून एक धिप्पाड माणूस आला, "खलास, हबीबी" म्हणाला, आणि त्यांना खुर्चीसकट उचलून आत ठेवून दार लावून निघून गेला.

हा किस्सा ते त्यांच्या घरी सांगत होते तेव्हा आम्ही सगळे हसून लोटपोट झालो. ते हसले नाहीत. "मला जायचं पण नव्हतं संडासला," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "वैनी, इचारलान पण नाय त्यानं."

स्वयंपाकघरात भाकरीची थाप क्षणभर थांबली. त्या रात्री मेहरूभाभीने वाढलेल्या खलफेभाईंच्या ताटात तळलेल्या सुरमईचा एक तुकडा जास्त होता.

परवानगीसाठी बागेच्या ऑफिसात जायचं ठरलं. इंग्रजी बोलायला यांना बरोबर नेलं. तिथले साहेब वयस्कर अरब गृहस्थ, अतिशय सभ्य. त्यांनी कहवा दिला, खजूर दिला, सगळं ऐकून घेतलं. संडासाच्या उंचवट्यावर उतार करून देऊ, असंही ते लगेच म्हणाले. त्यांना काळजी होती ती एकाच गोष्टीची. रात्री बाग उघडी ठेवली, तंबूंची बातमी पसरली, की एकटे राहणारे पुरुष घोळक्यांनी येऊन बसतील. 'बॅचलर' या शब्दाला त्या देशात काय वजन आहे, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. घरमालकापासून बागेच्या चौकीदारापर्यंत सगळे त्यांना टरकून असत.

इथे खलफेभाईंनी यांना बाजूला सारून बोलणं स्वतःच्या हातात घेतलं. अरबी, हिंदी आणि इंग्रजी एकत्र कालवून त्यांनी साहेबांना धीर दिला. बॅचलर नाहीत. नो बॅचलर, ओन्ली फॅमिली. साहेब अजून विचारात दिसले, म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. फॅमिली म्हणजे बायका आणि मुलं. नो मॅन, साहेब, एक पण आदमी नाय, वल्ला, माझी जबान. हे मागून त्यांचा शर्ट ओढत होते. पण खलफेभाई एकदा ओझं उचलायला लागले की मध्ये ठेवत नसत.

साहेबांचा चेहरा उजळला. मग तर काहीच अडचण नाही, ते म्हणाले. बुधवारी बागेत बायकांचा दिवस असतो. फाटकावर बायका चौकीदार असतात, पुरुषांना मुळी प्रवेशच नाही. तुम्ही बुधवारीच राहा, रात्रभर त्याच चौकीदारणी थांबतील, मी हुकूम देतो. खलफेभाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. जिना उतरले ते जवळजवळ नाचतच. पिकअपला किल्ली लावताना त्यांचा हात थांबला. हे सांगतात, की मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "भावजी, मी पण आदमीच की."

घरी आल्यावर त्यांनी बेत रद्दच करून टाकला. तंबू कोण मारणार, खांब कोण धरणार, पोरीला काही झालं तर कोण आहे. पुन्हा जाऊन दिवस बदलून आणतो म्हणाले. पण जबान दिली होती, वर वल्ला म्हणून अल्लाची शपथ घेतलेली. आता त्यात आदमी घालायचे कसे? सकीना हे सगळं ऐकत दारात खुर्चीवर होती.

"इट्स परफेक्ट," ती म्हणाली.

"काय परफेक्ट? मी नाय तिथं."

"दॅट्स व्हाय, अब्बा."

खलफेभाईंचा चेहरा असा झाला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. सकीनालाही ते दिसलं असावं. ती खुर्ची पुढे घेऊन त्यांच्यापाशी आली आणि या वेळी मराठीत बोलली. "तुम्ही असलात की मी पडायच्या आधीच तुम्ही उचलता. मला उठता येतं का, हे मला अजून माहीतच नाही." मेहरूभाभीने परात बाजूला सारली. "तंबू बायका मारतील," ती म्हणाली. त्या घरात तिचं वाक्य पूर्ण झालं की विषय संपत असे.

मग बिल्डिंगच्या मागच्या पार्किंगमध्ये आमचं प्रशिक्षण सुरू झालं. तंबू कंपनीतून आणलेला, सर्कशीला शोभेल असा. खुर्ची सरळ आत जावी म्हणून खलफेभाईंनी दाराची खालची पट्टी कापून टाकलेली. मी, मेहरूभाभी, दोन फ्रिजवाली केरळी बाई आणि सेंटरमधल्या आया, अशी आमची फौज. खुंटी तिरपी मारा, दोर ओढा, असं ते सांगायचे आणि अर्ध्या मिनिटात "बाजूला व्हा" म्हणत स्वतःच खांब धरायचे. शेवटी सकीनाने नियम केला. "हँड्स बिहाइंड, अब्बा." शिकवताना त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून ठेवायचे. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे ते आमच्याभोवती फिरायचे, आणि आमच्या हातून खांब निसटला की त्यांचे खांदे उडायचे, पण हात सुटायचे नाहीत.

बुधवारी दुपारीच आम्ही बागेच्या फाटकाशी सामान उतरवलं. चौकीदारीण काळ्या पायघोळ अबायातली उंच बाई होती. तिने फाटकाच्या रेघेवर बोट ठेवून खलफेभाईंना दाखवलं, की इथपर्यंत तुमची दुबई. त्यांनी तंबूची वळकटी रेघेपर्यंत आणली आणि ठेवली. सकीना त्यांच्यासमोरून स्वतः चाकं फिरवत आत गेली. तिने मागे बघितलं नाही. त्यांनी मात्र ती झाडांआड होईपर्यंत बघितलं.

आम्हाला वाटलं, गेले. कसले जातात? आम्ही हिरवळीवर तंबू पसरला तोच कुंपणाच्या गजांमधून आवाज आला, "वारा त्या बाजूनं हाय, तोंड फिरवा." बागेला वळसा घालून ते आमच्यासमोरच्या फुटपाथवर येऊन उभे होते. पहिला तंबू मेहरूभाभीच्या अंगावर कोसळला. तिला आतून बाहेरची वाट सापडेना. ताडपत्रीचा एक मोठा फुगा हिरवळीवर इकडून तिकडे फिरत होता आणि त्यातून कोकणी शिव्या येत होत्या. तेवढी बोलकी मेहरूभाभी मी पुन्हा कधी ऐकली नाही. खुर्चीतल्या आजीला हसून हसून ठसका लागला. संध्याकाळ कलली, बागेतले दिवे लागले, तेव्हा पाचही तंबू उभे होते. एक जरा झुकलेला होता. तो मी मारला होता.

जेवणं झाली. सकीना सरबताचे दोन पेले प्यायली आणि कुणालाही न सांगता त्या नव्या उतारावरून संडासला जाऊन आली. मग ती म्हणाली, आता मी झोपायची तयारी करते. तंबूत ठेंगणी खाट होती. खुर्चीतून खाटेवर सरकायचं तिने घरी शिकून घेतलं होतं, पण घरची फरशी सपाट, आणि इथे हिरवळीखाली जमीन उंचसखल. खुर्ची किंचित वळली, तिचा हात सुटला आणि ती दोन्हींच्या मधे गवतावर पडली.

तंबूचं दार उघडंच होतं. आम्ही सगळ्याजणी एकदम धावलो. मेहरूभाभीचे हात तर तिच्या काखेपर्यंत पोचले होते. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. असा आवाज मी त्या माणसाचा त्याआधी ऐकला नव्हता.

"बाजूला व्हा. सगळ्या बाजूला व्हा. तिला इचारा आधी."

आम्ही थिजलो. मी वळून बघितलं. दिव्याच्या उजेडात खलफेभाईंनी गज असे धरले होते की आता कुंपणच उपटून आणतील. मेहरूभाभीने हात मागे घेतले आणि विचारलं, "सकीना, उचलू का?"

"नो," सकीना गवतातून म्हणाली. "वेट."

तिने एक कोपर खाटेच्या पट्टीवर टाकलं. घसरलं. पुन्हा टाकलं. दुसऱ्या हाताने खुर्चीचा ब्रेक दाबून खुर्ची अडवली आणि कमरेपासून वर अंग ओढायला लागली. किती वेळ लागला, देव जाणे. ती चौकीदारीणसुद्धा येऊन उभी राहिली होती आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती. शेवटी सकीना खाटेवर उताणी पडली. केसांत गवत, चेहरा लालबुंद. आणि कुंपणाच्या दिशेने ओरडून म्हणाली, "अब्बा, आय डिड इट. आता घरी जा."

मला रडू आवरलं नाही. मेहरूभाभीने माझ्या पाठीत एक धपका घातला आणि स्वतः पदरात तोंड लपवलं.

ते घरी गेले नाहीत, हे सांगायला नको. सकाळी चौकीदारीण हातात चहाचा पेला घेऊन कुंपणाकडे जाताना दिसली. पलीकडे फुटपाथला लागून पिकअप उभी होती आणि गोधडी पांघरून खलफेभाई मागच्या फळीवर बसल्या बसल्या झोपले होते. तिने गजातून पेला पुढे केला, आणि त्यांना हलवण्याआधी दोनदा हाक मारली.

पुढच्या हिवाळ्यापासून तो मुक्काम दरवर्षी व्हायला लागला. साहेबांनी पुढे पुरुषांनाही परवानगी दिली. सकीनाने ठरवलं की बुधवारच बरा. खलफेभाई दर वर्षी कुंपणाबाहेर. मग घरभाडी वाढली तशी ती मंडळी शारजाला गेली आणि आमचं येणंजाणं सणांपुरतं उरलं.

शेवटचं त्यांना मी बघितलं ते शारजातल्या अल मजाजमध्ये, एका मैत्रिणीच्या बाल्कनीतून. खाली पाण्याच्या कडेने फरशीचा रस्ता होता आणि संध्याकाळची गर्दी. सकीना पुढे होती. ती तेव्हा एका ऑफिसात नोकरीला लागली होती, कामाची बॅग खुर्चीमागे लटकत होती. दहा पावलं मागे खलफेभाई. केस पूर्ण पांढरे, एक पाय जरा ओढत चालत होते, आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवलेले. हाक मारावीशी वाटली, पण एवढ्या उंचावरून पोचली नसती.

पुढे रस्त्याला चढ होता. सकीना चढायला लागली तसे त्यांचे हात सुटले, पुढे आले, आणि पुन्हा मागे जाऊन अडकले. ती वर पोचली आणि थांबली. ते अर्ध्या चढावर गुडघ्यावर हात ठेवून उभे होते. तिने खुर्ची वळवली, त्यांच्यापर्यंत खाली आली आणि काहीतरी विचारलं. खलफेभाईंनी उरलेल्या चढाकडे बघितलं, मग होकारार्थी मान हलवली. तिने खुर्ची फिरवून तिची मागची मूठ त्यांच्यापुढे केली, ती त्यांनी आधाराला धरली, आणि तिच्या मागे मागे चढ चढून गेले.